शाळेचं समूहगीत बसवताना: आधी गुरुजींचा कान, मग पोरांचा गळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत समूहगीत बसवायचं काम ज्यांच्याकडे येतं, ते बहुतेक वेळा संगीताचे शिक्षक नसतात. गणिताचे सर असतात, नाहीतर पहिली-दुसरी सांभाळणाऱ्या मॅडम. ‘तुमचा आवाज बरा आहे’ एवढ्या भांडवलावर १५ ऑगस्टचं गाणं त्यांच्या अंगावर येतं. मग सर जीव तोडून गातात, पोरं त्यांच्यावर ताण करून ओरडतात, तिसऱ्या दिवशी सरांचा घसा बसतो आणि गाणं मात्र जागचं हलत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे, फक्त आपल्या सवयीच्या उलटा आहे. शिकवणाऱ्यानं कमी गायचं आणि जास्त ऐकायचं. चाल सांगता येणं हे काम थोडं, तीस गळ्यांत नेमकं काय बिघडलंय ते ऐकू येणं हे काम मोठं. हा कान जन्मजात असावा लागत नाही. शिकवता शिकवताच तो तयार होतो, पण त्यासाठी काय ऐकायचं ते आधी ठरवावं लागतं.

राष्ट्रगीतापासून सुरुवात

पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात आणि ते परिपाठाला रोज होतंच. वेगळा तास न मागता रोज मिळणारा हा सराव बहुतेक शाळा वाया घालवतात. पहिल्या आठवड्यात नवीन काहीच शिकवू नका. परिपाठाला समोर उभं राहण्याऐवजी मागं जाऊन उभे राहा आणि मागून ऐका. नंतर वहीत तीन गोष्टी लिहा: कोणत्या सुरात सुरू झालं, कोणत्या सुरात संपलं, किती सेकंद लागले. मोबाईलवर रेकॉर्ड करून वर्गात पेटीशी ताडून पाहिलं की पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत कळतात.

बहुतेक ठिकाणी जे सापडतं ते असं. समोरची मुलगी मनाला येईल त्या सुरात ‘जन गण’ उचलते. सकाळचा उत्साह असतो, म्हणून सूर वरच लागतो. या गाण्याची चाल खाली मंद्र निषादाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘नी’ला, शिवते आणि ‘जय हे’ला तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, जाते. म्हणजे सव्वा सप्तकाला थोडा कमी असा पल्ला आहे. सुरुवातच मधल्या पांढरी पाचला (पेटीच्या मधल्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी; काळ्या पट्ट्याही अशाच मोजतात) झाली तर ‘जय हे’पर्यंत अर्धी पोरं ओरडत असतात आणि उरलेली गुपचूप खालच्या सप्तकात उतरलेली असतात. दोष पोरांच्या गळ्याचा नसतो, सुरुवातीच्या एका सुराचा असतो. काळी एक किंवा पांढरी दोन दाबा, सगळ्यांना तो सूर तोंड मिटून दोन-तीन सेकंद गुणगुणू द्या आणि मगच सुरू करा. पेटी नसेल तर मोबाईलवरचं तानपुऱ्याचं ॲप चालतं. मोबाईल रिकाम्या स्टीलच्या पेल्यात उभा ठेवला की रांगेच्या टोकापर्यंत ऐकू येतो.

४५ सेकंदांत संपत असेल तर लय पळते आहे, ६० च्या पुढे जात असेल तर ओढली जाते आहे. याच आठवड्यात ‘जलधि’चं ‘जलदी’ होतंय का तेही ऐकून ठेवा. अर्थ सांगितला, म्हणजे जलधि म्हणजे समुद्र हे कळलं, की ही चूक बरीचशी आपोआप जाते.

पट्टी: कुठं सुरू करायचं

तिसरी ते सातवीच्या मुलामुलींचा आरामाचा पल्ला पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत धरा. खाली आणखी दोन-तीन सूर हलके लागतात, पण तिथं जोर येत नाही. वर एखादी मुलगी सहज जाते, पण तिच्यावरून गटाची पट्टी ठरवायची नसते.

हिशेब असा करा. गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा. गाणं ‘सा’ ते वरच्या ‘सा’मध्ये फिरत असेल तर पांढरी एक, काळी एक किंवा पांढरी दोन, यांतलं काहीही चालेल. वर तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या ‘ग’पर्यंत, जात असेल तर ‘सा’ खाली आणा. तो पांढरी सहा किंवा काळी पाच असा खालच्या सप्तकातून घेतला की तार गंधार पोरांच्या हद्दीत राहतो. वर तार मध्यम-पंचमापर्यंत (वरचा ‘म’-‘प’) आणि खाली मंद्र पंचमापर्यंत (खालचा ‘प’) जाणारं गाणं पाचवीच्या पोरांसाठी नाहीच. ते कितीही आवडतं असलं तरी सोडून द्या.

मूळ रेकॉर्डिंगची पट्टी जशीच्या तशी घेणं ही फार होणारी चूक. ती पट्टी त्या गायकाच्या गळ्यासाठी असते. कराओकेवर सराव केला की तीच पट्टी पोरांच्या डोक्यात बसते आणि मग ती हलवायला पंधरा दिवस जातात.

पुरुष शिक्षकांची एक वेगळी अडचण असते. सरांनी लावलेला ‘सा’ पोरांच्या ‘सा’पेक्षा अख्खं सप्तक खाली असतो. मोठी पोरं तो आपसूक वर उचलतात, पण दुसरी-तिसरीतली सरांसारखाच जाडा आवाज काढायला जातात आणि गुरगुरतात. तेव्हा सरांनी ओळ पेटीवर वाजवून दाखवावी आणि गाऊन दाखवायला पाचवी-सहावीतली एखादी सुरेल मुलगी किंवा मुलगा पुढं घ्यावा. पोरं पोरांचं लवकर उचलतात.

गटात कोणाला घ्यायचं

सगळ्यांना. पटसंख्या चाळीसच्या आत असेल तर निवड करूच नका. स्पर्धेच्या नियमात संख्येची मर्यादा असेल तर ती तेव्हा पाहता येते. एकेकाला समोर उभं करून ‘गाऊन दाखव’ म्हणायचं नाही. खेड्यातलं पोर तिथंच मिटतं. तिघातिघांना उभं करा आणि त्यांना येतं तेच गायला सांगा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुली जवळपास प्रत्येक वर्गात सापडतात. या गाण्यांचा पल्ला चार-पाच सुरांचा, ओळी छोट्या आणि पाठांतर आधीच पक्कं, त्यामुळे आवाज पारखायला याहून चांगलं साधन नाही. ज्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिथल्या पोरांना एकत्र बसून, एका लयीत म्हणायची सवय असते आणि खंजिरीचा ठेकाही अंगात असतो. गोंडी, माडिया, कोरकू किंवा बंजारा घरांतल्या मुलांकडे त्यांची स्वतःची गाणी असतात. ती ऐकताना ‘हे आपल्याला येत नाही, तू शिकव’ असं शिक्षकानं सरळ म्हणावं. त्या मुलाच्या आवाजात त्या दिवशी पडणारा फरक कोणत्याही अलंकारानं, म्हणजे सुरांच्या पलट्यांच्या सरावानं, पडत नाही. आणि आपण स्वतः अनोळखी शब्द, अनोळखी चाल उचलायला बसलो की एका ओळीला किती वेळ लागतो हेही कळतं. तो अंदाज पुढं रोज कामी येतो.

‘बेसूर’ म्हणून ज्यांना मागं ढकललं जातं, त्यांतले बहुतेक बोलायच्याच सुरात गात असतात, एवढंच. त्यांना वरचा आवाज सापडलेला नसतो. अशा पोराला वावराच्या त्या धुऱ्यावरून हाक मारायला सांगा: ‘ओऽऽ माय!’ हाकेचा आवाज आपोआप वर जातो. तो ‘ओ’ तसाच धरून ठेवायला लावा, पेटीवर तो सूर शोधा आणि बाकीच्या सगळ्यांना त्याच सुरावर आणा. गट त्याच्या सुरावर आला की आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळला म्हणजे कसं वाटतं ते त्याला पहिल्यांदा कळतं. मग तिथून एक सूर वर, एक सूर खाली. रोज दोन मिनिटं, सगळ्यांसोबतच. वेगळं काढून नाही.

सातवी-आठवीतल्या मुलांचा आवाज फुटायला लागला की त्यांना गप्प बसवू नका आणि वर ओढूही नका. त्यांना जिथं आरामात लागतं त्या चार-पाच सुरांत काम द्या. खालच्या ‘सा’ आणि ‘प’चा आधार धरणं, धृपदाची शेवटची ओळ खालच्या सप्तकात म्हणणं, खंजिरी किंवा टाळ. त्या वर्षी सुटलेला मुलगा सहसा परत गात नाही.

रोजची वीस मिनिटं

आठवड्यातून एकदा दीड तास बसण्यापेक्षा चार दिवस वीस-वीस मिनिटं बसा. खिचडीनंतर लगेच नको. भरल्या पोटी श्वास पोटात जात नाही आणि पोरं पेंगतात. मधल्या सुटीच्या अगदी आधीही नको, सगळं लक्ष घंटेकडे असतं. परिपाठानंतरचा वेळ सगळ्यात चांगला, नाहीतर शनिवारची सकाळ.

पहिली तीन मिनिटं अंगाची आणि श्वासाची. उभं राहायचं, पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे न ताणता. फूल हुंगावं तसा श्वास नाकानं आत घ्यायचा. खांदे वर आले की श्वास चुकला. मग ‘स्स्स्’ करत आठ अंकांत सोडायचा, पुढच्या आठवड्यात बारा, मग सोळा. जो आधी संपवेल तो हरला असा खेळ करू नका, पोरं श्वास कोंडून धरतात. सगळ्यांनी एकदम संपवायचं, हा खेळ बरा.

पुढची चार मिनिटं गळ्याची. ओठ सैल सोडून ट्रॅक्टर चालवायचा, ‘ब्रर्रर्र’, आधी एकाच सुरावर, मग चढावर नेल्यासारखा वर आणि उतारावर खाली. ओठ फडफडले नाहीत तर जोर जास्त लागतोय. मग तोंड मिटून ‘म्’, त्यावरून ‘मा-मे-मी-मो-मू’. शेवटी पाच सुरांचा साधा अलंकार, सा रे ग म प, प म ग रे सा, आकारात, म्हणजे नुसतं ‘आ’ म्हणत. दरवेळी ‘सा’ अर्ध्या सुरानं वर न्यायचा, म्हणजे पेटीच्या पुढच्याच पट्टीवर, मग ती पांढरी असो की काळी. असं चार-पाचदा करून परत खाली.

आठ मिनिटं नव्या ओळींची, शेवटची पाच जुन्या गाण्याची. जुनं गाणं शेवटीच ठेवा. नवं अर्धवट राहिलं तरी पोरं वर्गात जाताना काहीतरी पुरतं येणारं गुणगुणत जायला हवीत.

ओळ कशी बसवायची

नमुन्याला ही ओळ घ्या: ‘आभाळ दाटलं काळं काळं, नाल्याला आलं पाणी’. केरव्यात, म्हणजे आठ मात्रांत बसते.

आधी फक्त बोला, चाल नाही. इथं दोन गोष्टी लगेच ऐकू येतील. वऱ्हाडातल्या पोरांच्या तोंडी ‘आभाय दाटलं कायं कायं’ येईल, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होईल, आणि दोन्हीकडे ‘पाणी’चं ‘पानी’. याला चूक म्हणू नका, हसू तर नकाच. ती घरची बोली आहे, आणि बोलीतलं गाणं असेल तर तेच बरोबर आहे. प्रमाण मराठीतल्या गाण्यासाठी मात्र जीभ कुठं लावायची ते दाखवा: ‘ळ’ला जिभेचं टोक मागं वळून टाळूला लागतं, ‘य’ला कुठंच लागत नाही. ‘काळ-काळ-काळ’, ‘बाळ-माळ-जाळ’ असं तीसेक सेकंद ठेक्यात म्हटलं की जीभ वळते. महत्त्वाचं हे की सगळ्यांचं एकच यायला हवं. निम्म्यांचा ‘ळ’ आणि निम्म्यांचा ‘य’ असला की श्रोत्याला शब्दच कळत नाही.

मग ठेक्यावर बोला. धा गे ना ती, ना क धी ना. टाळी पहिल्या मात्रेवर, पाचवीवर हात उलटा. तबला नसला तरी बाकावर एक पोरगा हे धरू शकतो.

मग चाल. तुम्ही एकदा गाता, पोरं ऐकतात. परत एकदा गाता, पोरं ओठ हलवतात पण आवाज काढत नाहीत. तिसऱ्यांदा पोरं गातात आणि तुम्ही गप्प. हा तिसरा भाग शिक्षकांना सगळ्यात जड जातो. आपण सोबत गायलो की पोरं आपल्या आवाजावर रेलतात आणि त्यांच्या चुका आपल्यालाच ऐकू येत नाहीत. दोनदा बरोबर आल्याशिवाय पुढची ओळ नाही. चुकीची ओळ चार वेळा म्हटली गेली की ती पक्की होते. शिकवायला दहा मिनिटं लागलेली ओळ मोडून परत बसवायला आठवडा जातो.

श्वासाची जागा ठरवून द्या. वरच्या ओळीत ती ‘काळं काळं’नंतर आहे. ‘नाल्याला’ आणि ‘आलं’च्या मध्ये कोणी श्वास घेतला तर ओळ तुटते. फळ्यावर त्या जागी उभी रेघ मारा. शेवटचं ‘पाणी’ किती मात्रा धरायचं आणि ‘णी’ कुठं सोडायचा तेही हातानं दाखवा. तीस जणांनी तीस वेळी सोडलेला शेवट ऐकायला फार वाईट लागतो, आणि दोन दिवसांच्या सरावात तो सुधारतो.

लांब गाणं शेवटच्या कडव्याकडून पुढं शिकवत आणा. नेहमी पहिल्यापासून सुरू केलं की पहिलं कडवं शंभरदा होतं आणि शेवटचं पाचदा, मग कार्यक्रमात आवाज शेवटाकडे विरत जातो.

काय बिघडतं आणि का

सूर उतरणं. गाणं काळी एकमध्ये सुरू झालं आणि संपताना पेटी दाबली तर पांढरी एक निघाली. हे जवळपास दर गटात होतं. कारणं तीन: उतरत्या ओळीत पोरं प्रत्येक पायरी थोडी जास्तच खाली टाकतात, एकाच सुरावरच्या लांब शब्दांत सूर ढिला पडतो, आणि दमल्यावर बसकन मारून गातात. उतरती ओळ वेगळी काढा, हळू लयीत, प्रत्येक सुरावर थांबत, पेटीशी ताडत. बसून सराव चालला असेल तर उभं करा. तरीही उतरत असेल तर पट्टी अर्ध्या सुरानं बदलून पाहा. काही गाणी एका पट्टीत उतरतात आणि शेजारच्या पट्टीत नीट राहतात.

लय पळणं. दोष बहुतेक वेळा वाजवणाऱ्याचा असतो. खंजिरी हातात आली की हात तापतो. वाजवणाऱ्याला गाणाऱ्यांच्या समोर बसवा, मागं नाही, म्हणजे त्याला त्यांचे ओठ दिसतात. दुसरं कारण म्हणजे ओळीच्या शेवटच्या रिकाम्या मात्रा. पोरं त्या खाऊन टाकतात. त्या मात्रांवर पाय आपटायला लावा, म्हणजे रिकामी जागा भरली जाते. सराव झाला की पाय मनातल्या मनात.

ओरडणं. ‘जोरात म्हणा’ हे वाक्य वापरायचंच नाही. शाळेत जोरात म्हणजे घशातून. ‘त्या लिंबाच्या झाडापर्यंत पोचवा’ म्हटलं की तोंड उघडतं आणि घसा सैल राहतो. दहा मिनिटांत कोणी खाकरायला लागला, मानेच्या शिरा दिसल्या किंवा हनुवटी वर गेली, की थांबा. टिनाच्या छताखाली पाऊस पडत असेल तर गाण्याचा सराव करूच नका. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की प्रत्येक जण ओरडतोच. त्या दिवशी ठेका, टाळ्या, शब्द पाठ करणं, एवढंच.

एकच आवाज वर येणं. ज्या मुलीला सगळे ‘गाणारी’ म्हणतात तिचा. तिला गप्प करण्याऐवजी तिला ऐकायचं काम द्या: ‘डावीकडचीचा आवाज तुला ऐकू आला पाहिजे, असं गा.’ सगळ्या गटालाच हे सांगितलं तरी चालतं. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपण मोठ्यानं गातोय, हा नियम दुसरीतल्या पोरालाही समजतो.

दोन आवाज

एक आवाज घट्ट बसल्याशिवाय दुसऱ्याच्या मागं लागू नका. घट्ट म्हणजे पेटी बंद करून पूर्ण गाणं झालं आणि ‘सा’ जिथला तिथं राहिला. मग पहिली पायरी आधाराच्या सुराची: एक गट ‘सा’ किंवा ‘सा-प’ धरतो, दुसरा गाणं गातो. त्यानंतर सवाल-जवाब, भारुडात किंवा दंडार या लोकनाट्यात असतो तसा. झाडीपट्टीतल्या पोरांना तो सांगावा लागत नाही. मग एकापाठोपाठ एक: पहिला गट दुसऱ्या ओळीला पोचला की दुसरा गट पहिली ओळ सुरू करतो. हे प्रत्येक गाण्यात जमत नाही. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की कानाला टोचतात का ते आधी पेटीवर पाहा. सुरुवातीला पाच-सहा सुरांचीच छोटी ओळ घ्या. पोरं कानावर हात ठेवून आपलंच गायला लागली तर ती अजून तयार नाहीत. पाश्चात्त्य पद्धतीची चार आवाजांची रचना शाळेच्या सहा-सात आठवड्यांत बसत नाही, आणि रागावर बांधलेल्या चालीत ती घातली की बऱ्याचदा चालच बिघडते.

हंगाम पाहून वेळापत्रक

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तिथून १५ ऑगस्टला सहा-सात आठवडे. पूर्वेकडं धानाच्या रोवणीत याच दिवसांत मोठ्या मुली वर्गात नसतात. सोयाबीनची काढणी आणि मग कापसाची वेचणी सुरू झाली की ऑक्टोबरपासून वऱ्हाडात हजेरी ढासळते. गडचिरोलीकडं मार्च-एप्रिल मोहफुलांचा. केंद्र, मग तालुका, मग जिल्हा अशा सांस्कृतिक स्पर्धा आणि स्नेहसंमेलनं साधारण डिसेंबर-जानेवारीत येतात, म्हणजे वेचणी ऐन भरात असताना. म्हणून गाणं निवडतानाच असं निवडा की धृपद सगळ्यांचं आणि कडवी छोट्या गटांची. पंधरा दिवसांनी परतलेलं पोर धृपदात लगेच शिरू शकतं. प्रत्येक कडव्याला किमान पाच जण ठेवा, म्हणजे दोघं वेचणीला गेले तरी कडवं उभं राहतं.

शिकवणाऱ्याचा स्वतःचा रियाज

रोज दहा मिनिटं, तानपुऱ्यावर नुसता ‘सा’. श्वासभर लावायचा, थांबायचं, परत लावायचा. मग ‘प’. स्वतःचा सूर किंचित खाली गेला की तानपुऱ्याशी लागून जो थरथराट येतो, तो ओळखता आला पाहिजे; वर्गात तोच तुम्हाला उपयोगी पडतो. आठवड्यातून एकदा सरावाचं एक मिनिट रेकॉर्ड करा आणि घरी तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त शब्द ऐका: कोणता कळत नाही. दुसऱ्यांदा फक्त शेवट: कुठं सुटतो. तिसऱ्यांदा फक्त खालचे आवाज. एकदम सगळं ऐकायला गेलात की ‘बरं झालं’ किंवा ‘वाईट झालं’ याच्यापलीकडे काही हाती लागत नाही.

वर्गातही असंच. आज फक्त कोण तोंड उघडत नाही ते. उद्या फक्त मागची रांग. परवा डोळे मिटून, रांगेसमोरून चालत. एका दिवशी एकच सूचना द्या. पाच सूचना दिल्या तर पोरं एकही पाळत नाहीत. सूचना नेमकी हवी. ‘नीट म्हणा’ यानं काही होत नाही. ‘दुसऱ्या ओळीत “आलं”ला सूर खाली जातोय, तिथं हनुवटी सैल सोडा’ यानं होतं.

महिन्याभरात सुरुवातीची सात मिनिटं एखाद्या सातवीच्या विद्यार्थ्याकडे सोपवा. तो चुकेल, पण तुम्हाला समोरून बाजूला होऊन ऐकायला जागा मिळेल. आणि पोरांनी विचारलं, ‘सर, हा सूर बरोबर हाय का जी?’, तर तुम्हाला नक्की कळत नसताना ‘हो’ म्हणू नका. पेटीवर दाबून दोघांनी मिळून पाहा.

मंचावर

तीस पोरं असतील तर दहा-दहाच्या तीन रांगा, किंचित अर्धगोल. मधली रांग जमिनीवर, मागची बाकावर, पुढची बसलेली किंवा सगळ्यात लहान. कच्चा आवाज दोन पक्क्यांच्या मध्ये, कडेला कधीच नाही. नव्या कपड्यांची पोरं पुढं आणि बाकीची मागं असली मांडणी करू नका. पोरांना ते कळतं आणि गाण्यावर दिसतं.

माईक एकच असेल तर मधोमध, पहिल्या रांगेपासून तीन-चार फुटांवर, पुढच्या पोरांच्या डोक्यापेक्षा थोडा वर आणि तोंड मागच्या रांगेकडं. कोणाच्या हातात देऊ नका. भोंगे माईकच्या पुढं, श्रोत्यांकडं तोंड करून. माईकच्या मागं गेले की शिट्टी बसते. साऊंडवाल्या भाऊला आधीच सांगून इको बंद करायला लावा. आणि बिनामाईकचाही एक सराव करून ठेवा, वीज गेली तर उपयोगी पडतो.

सुरुवातीचा सूर पेटीवर, मग दोन मात्रा हातानं, मग गाणं. पोरं घाबरली की लय वाढवतात, म्हणून तुमचा पहिला हात नेहमीपेक्षा किंचित सावकाश असू द्या. गाणं चालू असताना ओठांनी शब्द द्या, आवाज देऊ नका.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पोरांना ऐकवा आणि काय सुधारायचं ते त्यांनाच सांगू द्या. त्यांनी सांगितलेलं वहीत लिहा. गाण्याच्या नावापुढं पट्टी, सेकंद, आणि शेवटी सूर किती उतरला तेही. पुढच्या वर्षी नवीन शिक्षक आले तर त्यांनाही कामाला येतं. पेटी उन्हाळ्याच्या सुटीत शाळेत राहणार असेल तर भाता बंद करून खटका लावा, कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा. लाकडी कपाटात उंदीर भात्याचं चामडं कुरतडतात. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, तेव्हा जोर लावून दाबू नका. कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस उघडी ठेवली की बहुतेक सुटतात.